सोमवारचा माणूस

“हे बूट घालून तो सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा पोचणार नाही! पुढचा रस्ता तर राहिलाच!”

ओरडत मी होतो. तुझ्याच दिवाणखान्यात, तुझ्याच हार घातलेल्या फोटोसमोर, आणि इतक्या जोरात की मयूर विहारची सगळी कबुतरं उडाली ती थेट नोएडात जाऊन उतरली. समोर तुझा निखिल, हातात बुटांचं खोकं. बाजूला गुरुजी, हातात चहा. सुनंदावहिनी स्वयंपाकघराच्या दारात, हातात काहीच नाही. तू गेल्यापासून त्या नुसत्या कोरडे हात पदराला पुसत असतात, मधू.

“काका, टॉप रेटेड आहेत, यार,” निखिल म्हणाला. “बाबांना आरामात जाता यावं म्हणून घेतले.”

“आराम? तुझ्या बापाला? त्यानं जन्मात कधी उशी जाड घेतली नाही!”

तू ते बूट पाहिले असतेस तर तिथंच दुसऱ्यांदा गेला असतास. टाचेखाली चार बोटं फोम, चवड्याखाली तीन बोटं, मध्ये कसला तरी हवेचा फुगा. ते बूट नव्हतेच. नाडी लावून विकलेल्या गाद्या होत्या.

भांडण कशावरून, तेही सांगतो. तेराव्याला गुरुजींना जोडा आणि छत्री द्यायची असते. दिलेलं गेलेल्याला पोचतं म्हणतात. वाट तापलेल्या वाळूची आणि काट्यांची, पायात काहीतरी असलेलं बरं. आता आम्ही गजभिये. आमच्याकडे तेरावं नाही, दान नाही. भंते येतात, वंदना होते, झालं. आणि तू तरी कुठला मोठा श्रद्धाळू? स्वतःच्या वडिलांच्या तेराव्याला मंत्र चालू असताना बसल्याबसल्या घोरलास. पण मी म्हटलं, याच्या नावानं काही पाठवायचंच असेल तर चुकीचा माल जाता कामा नये. आपण दोघांनी नोकरीभर चुकीच्या फायली बरोबर पत्त्यावर पाठवल्या. निदान हे एक पार्सल तरी नीट जाऊ दे.

“गुरुजी,” मी विचारलं, “सोल किती जाड असावा, असं कुठं सांगितलंय का?”

गुरुजींनी चहा संपवला. विचार केला. म्हणाले, “तसं काही नाही.”

फार कमी बोलतो हा माणूस. मला पहिल्यापासून त्याचा संशय होता.

“मग मधूचे बूट मी आणतो. तसलेच. पातळ.”

वहिनींनी हळूच विचारलं, “भाऊजी, मिळतात का आता?”

तिथंच तर सगळी गोम होती.

मिळत नाहीत, हे तुझ्याखालोखाल मला ठाऊक. एके काळी प्रत्येक मोठ्या दुकानात एका कोपऱ्यात ते असायचे. टाच आणि चवडा एका पातळीत, पुढून पायाच्या पंज्यासारखे रुंद, आणि सोल भाकरीएवढा. भाकरी जाड झाली, पापडाएवढा म्हणू. तू दुकानात शिरायचास, बूट उचलायचास, अळूवडीच्या उंड्यासारखी त्याची गच्च सुरळी करायचास आणि विजारीच्या खिशात कोंबायचास. खिशात मावला तर चांगला. एकदा गार्ड आपल्यामागे पार्किंगपर्यंत धावत आला, आठवतं? तू त्याला थांबवून जमिनीचं तत्त्वज्ञान सांगितलंस. तो बिचारा दुसऱ्या दिवशी अनवाणी ड्यूटीवर आला, असं मी सगळ्यांना सांगतो.

तुझा एकच धोशा. माणसाच्या पायाला जमीन कळली पाहिजे. सोलखाली नाणं आलं तर तू न वाकता छापा की काटा ते सांगायचास. दोनदा बरोबर आलं, बाकीच्या वेळी तू नाणंच बदललंस.

“मध्या,” मी म्हणायचो, “दिल्लीची जमीन कळण्यासारखी तरी आहे का? पानाची पिचकारी, पतंगाचा मांजा, रात्री कुणीतरी फोडलेली बाटली. नको मला हे ज्ञान.”

“गज्या, आख्ख्या सरकारात पाय हे एकच खातं खरा अहवाल देतं. त्याच्या तोंडात फोम कोंबू नकोस.”

रोज सकाळी यमुनेच्या पुलापर्यंत पळत जाताना हा वाद, परत येताना हाच वाद. कोण जिंकत होतं ते ठरायच्या आत तू उठून गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, पुन्हा बघा. ज्याचा श्वास चढलेला मी कधी पाहिला नाही, त्याचं हृदय कसं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही लपवतोय. मधू, मला अजूनही वाटतं, हे काम तू नेहमीसारखं कुणाला न सांगता परस्पर उरकलंस.

तर, ते बूट एकेक करून गायब व्हायला लागले. कोपरा आधी खालच्या फळीवर गेला, मग जिन्याखाली, मग गेलाच. मॉलमधला पोरगेला सेल्समन आपल्याकडे दयेनं बघून म्हणाला, “सर, अब तो कुशनिंग का ज़माना है.” तू माझ्या कानाशी आलास. “ठरवून चाललंय हे. गुडघ्याचे डॉक्टर सामील आहेत.” मी हसलो. पण महिन्याभरात आपल्या मार्केटात बुटांच्या दुकानाला लागूनच गुडघ्यांचा दवाखाना उघडला, तेव्हा माझं हसू आटलं.

माझा शेवटचा जोडा अंगठ्यापाशी फाटला. गादीवर पळणार नाही, अशी मीही तुझ्यापुढे फुशारकी मारून बसलेलो. मग सकाळी यायचंच बंद केलं. सांगितलं, पाठ धरली आहे. तू मात्र पळतच होतास, आणि जोडा जुना झाला की तुझ्या पायात नवा यायचा. आख्ख्या दिल्लीत दुष्काळ आणि तुझ्या घरी धान्याचं कोठार.

“कुठनं आणतोस रे?”

“आहे माझा एक माणूस.”

“कुठं?”

“सरोजिनीत. परदेशातनं नाकारलेला माल येतो त्याच्याकडे.”

“कधी बसतो?”

“सोमवारी.”

सोमवारी सरोजिनी नगरचा बाजार बंद असतो, हे दिल्लीत गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी तसं म्हटलं तर तू डोळा मारलास. “म्हणूनच तर सोमवारी.” मग त्या माणसाला तू एक डोळा अधू दिलास, मिशी दिलीस, अनोळखी चेहरा दिसला की गाठोडं आवळून पळण्याची सवय दिलीस. आता मी कोण? ज्यानं वाघ पाहिल्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की आमच्या भंडाऱ्यात तेवढे वाघ जन्माला आले नाहीत. थाप मला वासावरून कळते. पण ही थाप असेल, असा संशय मला शिवलासुद्धा नाही. मला संशय आला तो भलताच. माणूस खरा आहे, आणि मध्या तो एकट्यानं खातोय.

मग तू एक दिवस वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोडा माझ्या दारात टाकलास. पोपटी. इतका पोपटी की जिन्यातला दिवा न लावता किल्ली सापडावी. “शेवटचा. पूर्ण दिल्लीतला.”

मी घातला, चार पावलं टाकली. “मध्या, उजवा खाली बसलाय. चांगला माल तू ठेवलास आणि डावा माल मला दिलास!”

“बूट सरळ आहे. तुझी चाल सरकारी आहे.”

दुसऱ्या सकाळी माझी पाठ बरी झाली. त्यानंतर रोज मी तुझ्याशेजारी पळत होतो आणि रोज त्या उजव्या बुटाबद्दल कुरकुरत होतो, आणि तू रोज ऐकून घेत होतास. तुझ्यासारखा माणूस, जो मंत्र्याचं ऐकायचा नाही, तो माझं मुकाट का ऐकतोय, याचा तरी मला संशय यायला हवा होता.

असो. तर मी तुझा माणूस शोधायला निघालो. सोमवारीच. सरोजिनीत सगळी शटरं खाली, एक म्हातारा चौकीदार स्टुलावर बसून शेंगदाणे सोलत होता.

“भैया, एक आदमी आता है. एक आँख खराब, मूँछें. जूते बेचता है. सिर्फ सोमवार को.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पोपटी बुटांवर जरा जास्त वेळ थांबला. “आप पुलिस से हो?”

“मैं पुलिसवाला लगता हूँ?”

“नहीं,” तो म्हणाला. “इसीलिए पूछ रहा हूँ.”

मी पलीकडे सरकारी क्वार्टर्सच्या भिंतीआड एक फेरी मारली. मिशीवाले तीन निघाले, डोळे सगळ्यांचे दोन-दोन. एकानं तर उलट मलाच विचारलं, अंकल, काय विकता? बाजार उघडल्यावर पुन्हा गेलो. बुटांच्या ढिगात, तुला माहीतच आहे, एकेकच पाय मांडलेला असतो. दुसरा आत, कुणी पळवू नये म्हणून. म्हणजे तिथं संशय घेणारा मी एकटाच नव्हतो, अख्खा बाजार माझ्या बिरादरीचा. मी एकेक उजवा पाय उचलून त्याची सुरळी करू लागलो. एकही वळेना. पोरगा ढिगावरून खेकसला, “अंकल, जूता है, रोटी नहीं!”

आणि तिथं, त्या ढिगासमोर, हातात न वळणारा बूट धरून मला पहिल्यांदा नीट कळलं, की तू नाहीस. इतका मोठा विनोद झाला होता आणि बाजूला वळलो तर कुणी नव्हतं.

तेराव्याच्या आदल्या दुपारी रिकाम्या हातानं तुझ्या घरी आलो. वहिनी जमिनीवर विळी घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाचा लाल भोपळा पुढ्यात. भोपळा काही चिरला जात नव्हता.

“नाही मिळाले, वहिनी. त्याचा माणूसही नाही मिळाला.”

“बसा,” त्या म्हणाल्या. चिडल्या होत्या, पण माझ्यावर नाही. “ही विळी माझ्या आईची, सांगलीची. केसाचे दोन करायची. आणि आता काही वर्षं बघते, धार लावून आणली की चार दिवसांत बोथट. मी कमलाला किती बोलले! म्हटलं, काय चिरतेस हिच्यावर, विटा?”

“दीदी, मैंने कभी हाथ भी नहीं लगाया,” कामाला येणारी कमला आतून ओरडली. “मुझे तो इससे डर लगता है. बैठ के कौन काटता है सब्ज़ी?”

मी सहज वाकलो. पातं जिथं पाटात बसतं त्या सांध्यात काहीतरी अडकलं होतं. भोपळ्याचं नव्हतं. वहिनींच्या साडीची पिन मागितली आणि टोकरून काढलं. रव्याएवढे दाणे. पोपटी.

मधू, माझं आयुष्य संशय घेण्यात गेलं, पण संशय खरा निघण्याची सवय मला नाही. मी उठलो, दाराबाहेर काढलेला माझा उजवा बूट आणला आणि तो दाणा त्याच्या कडेला लावून पाहिला.

“वहिनी, सोमवारी तुम्ही कुठं असता?”

“कस्तुरबा गांधी मार्गावर. भजनाची तालीम असते ना. किती वर्षं झाली.”

“आणि मधू?”

“हे घरीच. आल्यावर विचारलं तर म्हणायचे, डोळा लागला होता.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “भाऊजी, एक सांगू? सोमवारी घरात पंक्चरवाल्याकडे येतो तसा वास यायचा. मला वाटलं, रिटायर झाल्यावर हे काही हुंगायला लागले की काय. कुणाजवळ बोलले नाही. ह्यांना विचारायचीही भीती वाटायची.”

निखिल सोफ्यावर फोनमध्ये होता, तो उठला. “परवा सरकवली तर फारच हलकी लागली होती,” असं पुटपुटत सरळ बाल्कनीत गेला, तुझी मोगऱ्याची कुंडी एका हातानं उचलली. एका हातानं, मधू! जाड पुस्तकही न उचलणारा तो मुलगा. त्यानं कुंडी कागदावर उलटी केली. वरची वीतभर माती सरली, आणि खालून निघाला फोम. पोपटी, निळा, नारिंगी. भाजीसारख्या चकत्या केलेला. दुसऱ्या कुंडीत तेच. तुळशीत मात्र नव्हता. तेवढी भीड ठेवलीस.

“म्हणूनच एवढ्या हलक्या!” वहिनी म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता पदर तोंडाशी गेला, आणि पुढे ते हसणं होतं की काय, मी पाहिलं नाही. मी कुंड्यांकडेच बघत राहिलो.

म्हणजे एक डोळा अधू असलेला, मिशीवाला, सोमवारचा माणूस तूच. जाड गाद्या विकत आणायच्या, वहिनी तालमीला गेल्या की विळीवर बसायचं, सोल उभा धरून चकती काढायची, खालचं रबर पुन्हा पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवायचं, आणि वहिनी यायच्या आत डोळा लागलेला. कॉलेजात ज्यानं पेन्सिलला टोक काढताना बोट कापलं होतं, तो! मग उजवा बूट खाली बसणार नाही तर काय होणार? आणि तुझे स्वतःचे? वहिनींनी कपाटातून काढले. दोन्ही एकाच बाजूला असे कललेले की ठेवल्याजागी भिंतीला टेकत होते. पळताना तू डावीकडे झुकायचास आणि त्याला ‘नैसर्गिक धाव’ म्हणायचास. मीही नैसर्गिक म्हणून काही दिवस झुकलो होतो, हरामखोरा.

माझा जोडा तुझ्यापेक्षा सरळ होता. म्हणजे चांगला माल तू मलाच दिला होतास.

तू सांगितलं का नाहीस, हे मी तुला विचारणार नाही. मला माहीत आहे. ‘गज्या, मी विळीवर बूट चिरलाय तुझ्यासाठी,’ असं म्हणाला असतास तर मी मयूर विहारच्या तिन्ही फेजमध्ये ती गोष्ट सांगत सुटलो असतो, दर खेपेला विळी मोठी होत गेली असती, आणि जोडा मी घातला नसता. आणि सकाळी आलोही नसतो. माझी पाठ बरी करायला तुला एक माणूस जन्माला घालावा लागला. थाप मारण्यात मी तुझा गुरू, असं मला वाटायचं. ते आजपासून मागे घेतो.

निखिलनं विचारलं, “काका, मग तुमचेच देऊ या का उद्या? बाबांनीच केलेत.”

“मुळीच नाही. दान नव्या जोड्याचं असतं.” हे गुरुजींचं. “आणि याला एकदा परत मिळाले तर हा पुन्हा देणार नाही.” हे माझं.

मग आमच्या तिघांच्याही नजरा एकदमच त्या खोक्याकडे गेल्या.

“नाही हं,” निखिल म्हणाला. “आई, रिटर्न होणार नाहीत मग!”

“ज्याच्यासाठी आणलेस तो तरी कुठं रिटर्न होणार आहे?” वहिनी म्हणाल्या. भोपळा बाजूला सारला, विळीवर पाय दिला, हात पुढे केला. “आणा इकडे. ह्यांना चिरायचं वळण कधीच नव्हतं.”

मी पातं पाट्याच्या दगडावर घासून दिलं. त्यांनी टाचेकडून सुरुवात केली. डोळे पात्यावर, ओठ आवळलेले, आणि फोमची चकती अशी सरळ, अशी एकसारखी उतरत गेली की मी श्वास रोखून बघत होतो. निखिलनं रबर चिकटवलं. घरात तोच वास भरला. वहिनींनी खिडकी उघडायला उठलेल्या कमलाला हातानंच थांबवलं. “राहू दे जरा.”

दुसरा बूट उतरल्यावर मी त्याची सुरळी केली. वळली. खिशात गेली.

तेरावं झालं. गुरुजी जेवले, छत्री काखेत घेतली, आणि बूट पिशवीत घालू लागले. मी दारात आडवा झालो.

“पिशवीत नाही, गुरुजी. पायात. तुमच्या पायात गेल्याशिवाय त्याच्या पायात कसे जाणार?”

खरं सांगायचं तर हे शास्त्र मी तिथंच बनवलं. पिशवीतून ते कुठल्या भाच्याला जातील याचा मला भरवसा नव्हता. गुरुजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. त्यांनी बूट घातले, नाडी बांधली, जिना उतरले.

आपला गेटपर्यंतचा रस्ता पाइपांसाठी पांडवांच्या काळापासून खणलेला आहे, हे तू जाणतोस. सगळीकडे खडी. गुरुजी छत्री उघडून त्या खडीवरून निघाले, मागे मी, तुझ्या तिरक्या पोपटी जोड्यात. पूर्वी आपण इथून निघताना तू दहा पावलं आधीच पुढं असायचास. वर बाल्कनीत वहिनी उभ्या होत्या, दोन्ही हात कठड्यावर. पुसत नव्हत्या. निखिल त्यांच्या मागे.

मी गुरुजींच्या पावलांकडे बघत होतो. ती जपून, एकेक जागा चाचपून पडत होती. अगदी तुझ्यासारखी. आता पोचतायत, आता त्याच्या पायात चढतायत, असं मला वाटू लागलं. मला, गजभियेला! कुणाला सांगू नकोस.

गेटपाशी गुरुजी थांबले. एक पाय उचलला, सोल उलटा करून पाहिला, पुन्हा टेकवला.

मी विचारलंच. “कसं वाटतंय, गुरुजी?”

“खडे टोचतात,” गुरुजी म्हणाले.